दोन बोटं माया

— नाही, बूट काढू नका. बुटासकट उभे राहा त्या स्टुलावर. हां, असे. पँटची उंची नेहमी बुटावर धरायची, नाहीतर घरी जाऊन म्हणाल, बाईनं आखूड करून ठेवली. सरळ समोर बघा — खाली बघितलंत की पाठ वाकते, पाठ वाकली की पँट वर जाते, मग माझं माप चुकतं. आणि आता हलायचं नाही, टाचण्या लावतेय. हललात तर तुम्हाला टोचेल. मला टोचली तर काळजी नाही, मला कळतच नाही. खरं सांगते — ही बघा बोटं, टोकं सगळी झोपलीत. ते औषध देतात ना नळीतून, त्यानं होतं म्हणे. सुई आत जाते, रक्ताचा थेंब येतो, तो कापडावर पडतो, आणि मग मला कळतं की अरे, टोचली वाटतं. म्हणून हल्ली पांढरं कापड मी घेतच नाही. गिऱ्हाइकाला सांगते, पांढरा दोरा संपलाय. तुमची पँट काळी आहे, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा.

हो, कॅन्सरच. बोला की, शब्द काही चावत नाही. लोक "ते" म्हणतात. "तुम्हाला ते झालंय ना?" — ते म्हणजे काय, मला काय जुळं झालंय? समोरचा इस्त्रीवाला तर एवढंही म्हणत नाही, तो नुसती मान हलवतो. पूर्वी त्यानं एखादी कॉलर पिवळी केली की आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून भांडायचो, अगदी माणसं जमेपर्यंत. आता मी काहीही म्हटलं तरी "बरोबर आहे तुमचं, मास्तरीणबाई" म्हणतो. परवा मी मुद्दाम म्हटलं, तुझ्या इस्त्रीपेक्षा माझी उशी बरी घडी घालते — तर म्हणाला, बरोबर आहे. लोकांनी आपल्याशी भांडायचं सोडलं की समजावं, त्यांनी आपल्याला पोचवून टाकलं. आणि दुसरे ते, लढताय म्हणणारे. "तुम्ही किती लढताय हो." मी कुठे लढतेय? मी खुर्चीत बसते, पाय लांब करते, शेजारची घोरत असली तर तिला कोपरानं ढोसते. लढायचं ते बाटली लढते — वर टांगलेली. सलाईनची म्हणतेय. तुमची मान का वळली लगेच?

पुतळ्याकडे काय बघताय सारखं? त्याला डोकं नाही, तो काही तुम्हाला ओळखणार नाही. माझ्याच मापाचा आहे तो. माझ्या बापानं करून दिला, मी या मशीनवर बसायला लागले तेव्हा — म्हणाला, दुसऱ्याचं माप घ्यायच्या आधी स्वतःचं डोळ्यासमोर असू दे. मग मी सुटत गेले तसे त्यालाही जुन्या चादरीचे पट्टे गुंडाळत गेले. दोघं बरोबरच वाढलो. आणि आता डॉक्टरांनी माझी छातीची डावी बाजू काढली. टाके सुकले, घरी आले, दुकान उघडलं, आणि पहिलं काम काय केलं असेल? — कात्री घेतली आणि त्याचीही डावी बाजू कापली. माझी धाकटी बहीण असते माझ्याबरोबर, ती किंचाळली. मी म्हटलं, किंचाळण्यासारखं काय झालं, माप बदललं, पुतळा बदलला. खोट्या मापावर शिवलेला कपडा अंगावर बसत नाही. आतला कापूस उपसून काढला, चांगली वीत-दीड वीत खोबण झाली, वरून माझा कोट चढवून दिला. कुणाला कळत नाही. कोट हात लावून बघायचा नाही — नाही, तुम्ही लावलात असं नाही म्हणत, आपलं सांगून ठेवलं.

उजवा पाय पुढे. वास? कसला वास? हां, तो — गुळण्यांच्या औषधाचा आहे. तोंड आतून सगळं सोलून निघालंय, पाणी प्यायलं तरी आग होते, म्हणून दिलंय ते, त्यात स्पिरिट असणार थोडं. तुम्ही काही बोलला नाहीत, पण मी वाकले तेव्हा तुम्ही श्वास धरलात, ते कळतं मला. बोटं झोपलीत, कान नाही. दारू मी सोडली. विचारलं नाहीत, मान्य, पण गल्लीत कुणी ना कुणी सांगेलच, सांगणाऱ्यांना काही तोटा नाही, तेव्हा आपणच सांगितलेलं बरं. हो, प्यायचे मी. दुकान बंद केलं की दिवा लावून, सरळ खुर्चीत बसून, काचेच्या ग्लासात. पुरुष प्यायला तर म्हणतात, दमतो बिचारा. बाई प्यायली तर म्हणतात, कुणी हिला सोडून गेलं असणार. मला कुणीही सोडून गेलेलं नाही. मीच कुणाला धरलं नाही. दुःख होतं का? — नव्हतं. लोकांना कारण लागतं हो. त्यांना एक मोठंसं दुःख दिलं की ते खुशाल घरी जातात. मी कुठून आणू दुःख? मला ती आवडायची, बस. दिवसभर लोकांच्या कमरा, लोकांची पोटं, लोकांच्या बगला, आणि सगळे म्हणणार "जरा सैल ठेवा" — मग संध्याकाळी एक घोट घेतला की खांदे खाली यायचे. मी स्वतःला जरा सैल ठेवायचे. त्यात कुणाचं काय जात होतं?

असो. सोडली. पहिल्या डोसच्या दिवशीच सोडली. म्हणजे — दुसऱ्या डोसनंतर एकदा घेतली, ती धरायची नाही, वाढदिवस होता. कुणाचा? कुणाचा तरी असेलच की, रोज असतो कुणाचा ना कुणाचा.

उतरा आता. सावकाश. त्या पडद्यामागे जा, ही काढून ठेवा, आपली घाला. टाचण्या सांभाळून काढा हां. मी इथून बोलते, ऐकू येईल तुम्हाला, माझा आवाज काही बारीक झालेला नाही.

ती डॉक्टरीण आहे ना माझी, लहान आहे, माझ्या मुलीच्या वयाची — म्हणजे मुलगी असती तर. चांगली आहे, मला आवडते, पण शिलाई तिची कच्ची. जखमेचे टाके बघितलेत मी, एकही सारख्या अंतरावर नाही. मी तिला तोंडावर सांगितलं, ती हसली. तर तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, रोज किती घेता? मी म्हटलं, दोन बोटं. तिनं लिहून घेतलं. कुणाची बोटं, ते तिनं विचारलं नाही. आडवी की उभी, तेही नाही. मी कशाला सांगू? विचारलं त्याचं उत्तर दिलं. बरं, तिला वाटलं दोन बोटं, म्हणून तिनं त्या हिशेबानं धरलं, आणि मग तिसऱ्या डोसच्या वेळी रक्त तपासलं, तर ती कागदाकडे बघते, माझ्याकडे बघते, परत कागदाकडे बघते. म्हणाली, मावशी — मला मावशी म्हणते ती — आज औषध देता येणार नाही. का? तर लिव्हर. म्हणाली, माझं औषध त्याच दारातून जातं आणि तुमचंही त्याच दारातून जातं, दार एवढंसं आहे, दोघं एकदम नाही जाणार. एकाला बाहेर थांबावं लागेल. कुणाला थांबवायचं ते तुम्ही सांगा. — रागावली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते. ती नुसती पेनचं टोपण लावत बसली, लावायची आणि काढायची. मी डोक्याला रुमाल बांधला आणि उठले. धाकटी बाहेर डबा घेऊन बसलेली, तिला वाटलं लवकर आटपलं. म्हणते, किती भराभर केलं गं आज.

झालं? द्या इकडे. बसा त्या बाकावर, फार वेळ नाही लागायचा. मशीन नको याला, हातानं तुरपाई करते, मशीनचा टाका बाहेरून दिसतो. थांबा, आपली मोठी कात्री कुठे गेली — असू दे, छोटीनं भागेल. मोठी धाकटीनं कुठे लपवलीय. म्हणजे लपवलीय असं नाही, ठेवलीय.

आता तुम्हाला काय सांगू. म्हणजे सांगण्यासारखं नाहीच ते. कपड्याच्या शिवणीच्या आत आम्ही कापड ठेवतो ना जास्तीचं, बाहेरून दिसत नाही, उलटं केलं की दिसतं — त्याला माया म्हणतात. तुमच्या पँटलाही आहे, ही बघा, कमरेला मागे. माया ठेवली की माणूस सुटला तर शिवण उसवायची आणि कपडा सोडायचा. आटला तर आत घ्यायचा. पण ती कापायची नाही. कधीच नाही. बाप काय म्हणायचा — पोरी, कापड आखूड पडलं तर खिसा लहान कर, कॉलर लहान कर, माया लहान करू नकोस. माणूस आज आहे तेवढाच उद्या असेल असं समजून शिवलंस तर तू शिंपी नाहीस, तू खाटीक. दुकानात कुणी नवीन कामाला लागलं की मी पहिली हीच गोष्ट सांगायचे. दोन बोटं माया. दुसरं काही नाही शिकलात तरी चालेल.

तर माझे कपडे सैल पडायला लागले तसे मी सगळे आत घेतले. रीतसर. माया आत दुमडली, टाचली, वरून टाका घातला — औषधं संपली की मांस भरेल, मग सोडायचे. आणि त्या दिवशी, डॉक्टरणीनं परत पाठवलं त्या दिवशी, धाकटीला म्हटलं तू जा तुझ्या शाळेत — गणित शिकवते ती — मी पडते जरा. ती गेली. मी पडले नाही. दुपारी इथे बसून प्यायले. उभी दोन बोटं म्हणा, हवं तर. आणि मग तो कोट घेतला, उलटा केला, आणि ती आतली माया — कापली. सरळ शिवणीलगत, खालपासून काखेपर्यंत, दोन्ही बाजूंची. हात काय सफाईनं चालला, सांगते तुम्हाला, तसा शुद्धीत नाही चालत हल्ली. मग दोन सदऱ्यांची. मग झग्याची. जे जे माझं होतं त्या सगळ्याची. पट्ट्या पडल्या ढीगभर. मला वाटलं — काय वाटलं? वाटलं की चला, संपलं एकदाचं, आता हेच माप. कशाला जागा ठेवायची, कोण येणार आहे राहायला? नाही, रडले वगैरे नाही. छान वाटलं. खोटं का बोलू.

संध्याकाळी धाकटी आली. तिला बटण लावता येत नाही, आयुष्यात सुई धरली नाही तिनं, पण माझ्या दुकानात वाढलीय, तेवढं तिला कळतं. तिनं कोट उलटा केला, बघितला. मग जमिनीवर बसली आणि एकेक पट्टी उचलायला लागली. तिनं बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज शाळेतून आली की कोपऱ्यात बसते आणि त्या पट्ट्या परत जोडते. कोटाला. जोडलेली माया कधी धरते का? नाही धरत. शिवणीवर शिवण बसते, टोचते, जाड होते, ओढलं की फाटते. मी सांगितलं तिला. ती म्हणते, मला माहीत आहे. आणि टाके तर असे की कोंबडीनं चालून जावं. बघवत नाही मला. रात्र झाली की वाटतं, उसवून टाकावं. पण उसवलं नाही अजून. म्हणजे वेळच झाला नाही.

जरा सुई ओवून द्याल? मला दिसतं सगळं, पण दोरा बोटात आहे की नाही तेच कळत नाही. घ्या. — टोक ओलं करा. — काही घाई नाही. — परत. — हं. दुसऱ्यांदा चुकला. जरा उजेडाकडे करा. — आला. द्या.

आता ऐका, मी खाली बघून तुरपाई करतेय, तेव्हा तुम्हालाही माझ्याकडे बघायची गरज नाही. तुमची ही पँट आपोआप उसवलेली नाही. आपोआप उसवते ती एका जागी सुटते आणि लोंबते. ही पुरती गोल उसवलीय, टाक्याआड टाका कापलाय, दाढीच्या ब्लेडनं, आणि इथे एका जागी कापडालाही लागलंय. आणि जुन्या घडीची रेघ तुमच्या बुटावर सुतासारखी बसत होती. म्हणजे पँट तुमच्याच मापाची होती, चांगली होती. तुम्ही घरी बसून ती उसवलीत आणि माझ्याकडे घेऊन आलात. बोला, खोटं आहे? तुम्ही स्टुलावर चढलात तेव्हाच कळलं मला. मग एवढं सगळं का बोलत बसले? — तेच म्हणते मी. का बोलत बसले.

आणि दुसरं सांगू? दुकानात येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा आरशाकडे बघतं. कितीही साधं माणूस असो, आरशाकडे बघतं. तुम्ही पुतळ्याकडे बघितलंत. मग मशीनच्या खालच्या खणाकडे, मग त्या वरच्या कापडाच्या थानांच्या मागे, मग परत पुतळ्याकडे. ज्यानं स्वतः कधी लपवली नाही त्याला अशा जागा दिसत नाहीत. डॉक्टरीण इथे येऊन गेली होती एकदा, माझी चौकशी करायला, त्याच बाकावर बसली होती — तिला पुतळा दिसला, कोट दिसला, सुंदर आहे म्हणाली. तुम्हाला बाटली दिसली. ती तिथेच आहे. जिथलं काढलं तिथे बसलीय, मापात. अर्धी आहे. आणि गुळण्यांचं औषध संपून आठवडा झाला.

धाकटीनं पाठवलं ना? माहितीय मला. हॉस्पिटलच्या तळघरात तुमची मंडळी खुर्च्या गोल करून बसतात ना, दारू सोडलेली — डॉक्टरणीनं मला पाठवलं होतं तिथे. मी दारापर्यंत गेले. आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मी परत आले. म्हटलं, दारू सोडून हसतात म्हणजे काहीतरी गडबड आहे. पण माझी जागा रिकामी राहिली नाही. धाकटी बसते तिथे. जिनं आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, ती बाई माझ्या खुर्चीत जाऊन बसते, आणि वर मला सांगते, शाळेत जादा तास आहेत. मला कसं कळलं? — घरी आली की म्हणते, "ताई, आजच्यापुरतं." दूध उतू गेलं तरी आजच्यापुरतं, दिवे गेले तरी आजच्यापुरतं. असं घरात कोण बोलतं? तुमच्या त्या खुर्च्यांवरचं बोलणं ते. काय सांगते ती तिथे? माझी बहीण पिते म्हणून सांगते, की मी पिते म्हणून? — नको. सांगू नका. तुमच्यात बाहेर सांगायची पद्धत नाही, तेच बरं आहे.

उद्या सकाळी परत रक्त द्यायचंय. आकडे उतरले तर तिसरा डोस, नाही उतरले तर डॉक्टरीण म्हणाली की मग बसून बोलू. बसून बोलू म्हणजे काय ते मला कळतं, मीही गिऱ्हाइकाला म्हणते, कापड पुरत नसलं की. आज घेतली का? दुपारी घेतली. आडवं एक बोट. बस. आता तुम्ही मला सांगणार की उद्या रक्त आहे. मला माहीत नाही? तुम्ही मला म्हणायचं नाही की सोड. सगळी दुनिया म्हणते, सोड. आधी केस घेतले, मग डावी बाजू घेतली, मग बोटं घेतली, जिभेची चव घेतली, आता उरलेली एक गोष्ट तीही सोड. मी काय झाड आहे का सगळं झाडून टाकायला? माझ्याजवळ माझं म्हणून काहीतरी राहू द्या की. मरायची भीती मला घालू नका, ती मी रोज खुर्चीत बसून शेजारणीबरोबर वाटून घेते. मरायला मी घाबरत नाही. मी कशाला घाबरते ते — जाऊ दे. ती कोपऱ्यात बसून त्या पट्ट्या जोडते ना, तिचं बोट रोज दोनदा तरी रक्ताळतं. आणि तिला कळतं, टोचलेलं. तिची बोटं जागी आहेत.

झाली तुमची पँट. बघा, टाका दिसतोय का कुठे? — दिसणारच नाही. ब्लेड लागलं होतं तिथे आतून जाळी भरलीय. आणि माया सगळी आत ठेवलीय, दोन बोटं, कापली नाही. घ्या.

तुमचा हात. दाखवा. — दाखवा म्हणते ना. सुई ओवताना बघितला मी, पण म्हटलं उजेड नसेल. ही थरथर मला ओळखीची आहे. म्हातारपणाची नाही ही. फार दिवस नाही झाले ना तुम्हाला? — नको, आकडा नको सांगू. किती कमी आहे ते दिसतंय. बाकावर बसलास तेव्हा पुतळ्याशेजारी होतास, आता पार दुसऱ्या टोकाला गेलायस, अर्धा बाहेर लोंबतोयस. मी बोलत होते आणि तू इंच इंच सरकत होतास. आणि मी मेली सांगत बसले, अर्धी आहे, मापात बसलीय. काय ही धाकटी तरी. ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्याला बुडणाऱ्याकडे पाठवते. गणितवाली ना, तिला वाटलं दोन उणे मिळून एक अधिक होतं.

आणि तू तरी कसा आलास, बाबा? कुणीतरी सांगितलं की एक बाई आहे, तिच्या घरात बाटली आहे, आणि तू बसून पँट उसवलीस? यायचंच होतं तर निदान उसवायला तरी नीट शिकायचं.

बस तिथेच. हलू नकोस. मी हात घालते, तू बघू नकोस, खिडकीबाहेर बघ, इस्त्रीवाला काय करतोय ते सांग मला. घडी घालतोय? नीट घालतोय? नाहीच घालणार. — हा कोटही ना, हिनं काय गाठ मारलीय इथे, हातच जात नाही आत. शिवून टाकलंय की काय बाईनं. हां. आली. — बघू नकोस म्हटलं ना.

ऐकलास? बेसिनचा आवाज. थांब, अजून आहे. नळ सोडते, वास राहायला नको. झालं.

आता एक लक्षात ठेव, हे मी तुझ्यासाठी केलं. माझ्यासाठी नाही, डॉक्टरणीसाठी नाही, धाकटीसाठी तर मुळीच नाही — तिला सांगायचं नाही. कुणाला लढाई-बिढाई म्हणून सांगायचं नाही. माझ्या दुकानात आलेलं माणूस माझ्या दुकानातून पडून बाहेर जायला नको, एवढंच. उद्या मी दुसरी आणीन. कोपऱ्यावर दुकान आहे आणि पाय माझे अजून कुणी काढलेले नाहीत. आणीन, नाही आणीन, माझं मी बघीन. आज नाही. हसू नकोस, मी "आजच्यापुरतं" म्हणाले नाही. आज नाही म्हणाले. त्यात फरक आहे.

नाही, खिशात हात घालू नकोस. उसवलेलं शिवायचं मी घेते, उसवून आणलेल्याचं घेत नाही. पँट घे आणि सरळ तुझ्या त्या तळघरात जा, वाटेत कुठे थांबू नकोस. आज असते ना बैठक? जा मग. धाकटी आली असेल आत, तर तिला म्हणावं, घरी जाताना मोठी कात्री घेऊन ये. कशाला म्हणून विचारेल. सांग, तिचे ते टाके उसवायचेत. थानातून नवीन कापड काढून दोन्ही बाजूंना जोड द्यायचाय, चांगला रुंद. ती घाबरेल कात्री म्हटल्यावर, तेव्हा नीट सांग, जोड म्हणाली म्हणून सांग.

आणि खुर्ची माझी तिनं जास्त गरम करून ठेवू नये म्हणावं.

चल, नीघ. दार ओढून घे जाताना. दुकान बंद झालंय.